भरतीचा मजकूर

धाड, जि. बुलडाणा
५ नोव्हेंबर २०२३

सत्यभामाताई,

पाकिटाच्या मागे माझे नाव आहे, पण त्यावरून तुम्हाला ओळख पटायची नाही. मी कारभारी इंगळे. तुमचे भाऊ उद्धव गुरुजी यांच्या पुस्तकाची प्रुफे मी तपासली. अमडापूरच्या घरी ओसरीवर वह्या पसरून आम्ही दोघे बसायचो आणि तुम्ही आतून विचारायच्या, "साखर चालते ना भाऊ तुमाले?" मी हो म्हणायचो. मला साखर चालत नाही. सांगायचा संकोच वाटला आणि मग प्रत्येक वेळी तो गोड चहा प्यावा लागला.

हे कशाला लिहिले कळत नाही. खोडत नाही, कारण खाडाखोड केलेले पत्र माझ्यासारख्याच्या हातून जाणे बरे दिसत नाही.

तुमचा अमरावतीचा पत्ता गुरुजींच्या सूनबाई पूनम यांनी दिला. पुस्तकाची एक प्रत पाठवायची आहे असे मी त्यांना सांगितले. पाठवायची नव्हती. पण पत्ता मागायचा म्हटले की कारण द्यावे लागते.

खरे कारण असे की पंधरा तारखेला भाऊबीज आहे. तुम्ही अमडापूरचे घर सोडून अमरावतीला लेकीकडे, मंजुश्रीकडे गेलात त्याला पावणेदोन वर्षे झाली. मागच्या भाऊबिजेला गुरुजी अंघोळ करून पाटावर बसून राहिले होते म्हणे. पूनमने ओवाळू का विचारले तर म्हणाले, "तू सून हायस माह्यी." आणि उठले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा पाय ओढतो. ते बोलून दाखवत नाहीत, पण वाट पाहतात. तुम्ही यावे, एवढी विनंती करण्याचा मला अधिकार नाही, तरी करतो.

तुम्ही ज्या पानामुळे गेलात त्या अठ्ठेचाळीसाव्या पानाबद्दल एक खुलासा. छपाईच्या कामात कधी कधी मजकुराची सरमिसळ होते. बुलडाण्याला राजकुमारच्या दुकानात एका वेळी चार-पाच पुस्तके टाइप होत असतात. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या पुस्तकात जाऊ शकतो. तसेच काहीतरी झाले असावे. गुरुजींचा त्यात दोष नाही. प्रुफे पाहणाऱ्याची नजर कधी चुकते, मीही आता शहात्तर वर्षांचा आहे.

भाऊबिजेला या.

कारभारी इंगळे

---

धाड
१९ नोव्हेंबर २०२३

सत्यभामाताई,

तुम्ही आला नाहीत. मी पंधरा तारखेला संध्याकाळी पूनमला फोन केला, तर ती म्हणाली, "नाही आल्या आत्या. काका, तुमाले कसं माहीत त्या येनार हायेत म्हनून?" मी म्हणालो, सहज विचारले.

मागच्या पत्रात राजकुमारबद्दल जे लिहिले ते खोटे आहे. पत्र पेटीत टाकले आणि पेटीत हात घालून ते काढता येते का पाहत उभा राहिलो. पोस्टमास्तर म्हणाले, काय हो इंगळे, पैसे पडले का आत? मी घरी आलो. तेव्हापासून तो पोरगा डोळ्यांसमोर येतो. तो अक्षर न् अक्षर जसे दिले तसे टाइप करतो. त्याच्या दुकानात कोणताही मजकूर कुठे गेला नाही. जो गेला तो मी घातला.

तुम्हाला आमच्या कामातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर समजणार नाही. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. तिसरा फॉर्म अठ्ठेचाळीसाव्या पानावर संपतो. गुरुजींना प्रत्येक प्रकरण उजव्या हाताच्या पानावर सुरू व्हायला हवे होते. शाळेच्या वहीत नवीन धडा जसा नवीन पानावर, तसे. त्यामुळे "माय" हे प्रकरण सत्तेचाळीसाव्या पानावर संपले आणि अठ्ठेचाळीसावे कोरे राहिले. छापखानेवाल्याला कोरे पान आवडत नाही. गिऱ्हाईक म्हणते, छापायचे राहिले. मग तिथे काहीतरी भरायचे. एखादा सुविचार, समईचे चित्र, वेलबुट्टी. याला आम्ही भरतीचा मजकूर म्हणतो. माझ्या हातून अशी दोन-तीनशे पाने भरली गेली असतील. कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी गुरुजींना फोन केला. त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि झटक्यालाही तीनच महिने. ते म्हणाले, "कारभारी, तूच पाहून घे ना बाप्पा. दहा ओळी त त्या. वहीतलंच कुठलं तरी टाक. मले आता डोयाले दिसत नाही."

मायचे प्रकरण ज्या वहीत होते ती चौथी वही माझ्याकडे होती. मी उघडली. त्या प्रकरणातला सगळा मजकूर घेऊन झाला होता. तुम्ही ते प्रकरण वाचलेच असेल. मायचे दळण, मायची गाणी, गुरुजींना शाळेत घालताना तिने काय केले ते. तिच्या मरणाबद्दल त्यांनी एकच वाक्य लिहिले होते की ती २०१५ साली गेली. मी समईचे चित्र टाकायला हवे होते. राजकुमारकडे समईची चार चित्रे आहेत.

मी लिहायला बसलो. एका बैठकीत लिहिले. एकही शब्द बदलावा लागला नाही, हे माझ्या बाबतीत कधी होत नाही. ते तुम्हाला पाठ असेल, पण मी लिहिलेले आहे हे कळावे म्हणून इथे परत लिहितो:

"माय गेली तेव्हा तिच्याजवळ आपले कोणी नव्हते. शेवटचे चार दिवस तिने खाट ओसरीवर आणायला लावली, रस्ता दिसावा म्हणून. एसटी थांबली की ती विचारायची, कोण उतरलं? शेजारीण उतरणाऱ्यांची नावे सांगायची. त्यात आमचे नाव नसायचे. जिने आम्हाला हाताने भरवले तिच्या तोंडात शेवटचे पाणी परक्या बाईने घातले."

गेल्या वर्षी वीस फेब्रुवारीला शाळेच्या हॉलमध्ये प्रकाशन झाले. तुम्ही पहिल्या रांगेत मायचा फोटो मांडीवर घेऊन बसला होता. मी शेवटच्या रांगेत खांबाआड होतो. प्रमुख पाहुणे उठले आणि म्हणाले, "या पुस्तकाचा प्राण एका पानात आहे." मला तेव्हाच कळले. त्यांनी ते पान वाचले. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. ताई, मला त्या क्षणी आनंद झाला. लपवणार नाही म्हणतो म्हणून लिहितो. चाळीस वर्षे मी दुसऱ्यांचे लिहिलेले सरळ करत आलो. पुस्तकाच्या सुरुवातीला आभार मानतात त्यात मुखपृष्ठ काढणारा असतो, छापणारा असतो आणि शेवटी "ज्ञात-अज्ञात सर्व" असतात. त्यातला अज्ञात मी. आणि आज सगळा हॉल माझ्या ओळींनी रडत होता.

मग तुम्ही उठलात. फोटो खुर्चीवर ठेवला आणि बाहेर गेलात. लोकांना वाटले, भरून आले असेल. माझा आनंद तिथेच संपला. पहिल्या रांगेपासून दारापर्यंत तुम्ही चालत असताना मला आठवले की त्या घरात एक बाई नऊ वर्षे मायची खाट सांभाळत होती आणि ती तुम्ही होता. तुम्हीच चहा द्यायच्या. मला कसे आठवले नाही? लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तुमचे घर नव्हतेच.

आता दिसत नाही नीट. भिंग लावून लिहितो आहे. बाकीचे पुढे लिहीन, जमले तर.

कारभारी

---

धाड
३ डिसेंबर २०२३

सत्यभामाताई,

उत्तर नाही. अपेक्षाही करू नये. मी सारखा लिहीत बसतो म्हणून माझी सून विचारते, "बाबा, कोनाचं पुस्तक एवढं मोठं आलं?" मी म्हणतो, एका गुरुजींचे.

तुम्ही विचाराल, की गुरुजींनी तेव्हाच का सांगितले नाही की हे माझे नाही. त्यांनी विचारले होते. कार्यक्रम संपल्यावर हॉलमागे त्यांनी माझा हात धरला. "कारभारी, हे मी लिवलं?"

मी म्हणालो, "चौथ्या वहीत होतं गुरुजी."

झटक्यानंतर ते नावे विसरत होते. एकदा पूनमला मंजुश्री म्हणाले होते. ते स्वतःच्या डोक्याला घाबरून होते आणि मला ते माहीत होते. "असंल मंग," म्हणाले. "आजकाल ध्यानात नाही राह्यत."

त्या दिवशी घरी तुम्ही त्यांना विचारलेत, "भाऊ, माय एकटी मेली?" आणि ते म्हणाले, "लिवलं त मीच हाय म्हनते." हे मला पूनमने सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तुम्ही गेलात.

एका म्हाताऱ्या माणसाला मी पटवले की त्याने स्वतःच्या बहिणीला पुसून टाकले आहे आणि ते त्याच्या लक्षात नाही. आठ दिवसांनी ते वही मागू लागले. "मले पाह्यचं हाय मी कसं लिवलं ते." तीन वह्या मी परत केल्या. चौथी राजकुमारच्या दुकानात पाणी गळून खराब झाली असे सांगितले. पुन्हा राजकुमार. तो पोरगा मला रस्त्यात भेटला की "काका, चहा?" म्हणतो आणि मी घाईत असल्यासारखा निघून जातो.

आता हे सगळे पावणेदोन वर्षे गिळून बसलेला माणूस आजच का लिहितो, तेही सांगतो. दसऱ्याच्या आधी गुरुजींनी मला बोलावले. उशीखालून चार पाने काढली आणि म्हणाले, "कारभारी, हे एकदा तपासून दे. सत्यभामेले पाठवाचं हाय. चुका नको राह्यला पाह्यजेत." मी वाचायला घेतले. तुम्हाला लिहिलेले माफीचे पत्र होते. त्यात लिहिले होते की माझ्या मनात असे पाप कुठे दडले होते मला ठाऊक नाही, पण लिहिले ते माझ्या हाताने, म्हणून मी तुझे पाय धरतो.

ताई, ते तुमच्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत.

मी ती पाने घरी आणली. लाल पेन घेतला. पहिल्या ओळीत एक मात्रा चुकली होती, ती दुरुस्त केली, आणि मग पेन खाली ठेवला. दोन महिने ती पाने माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ते फोनवर विचारतात, "झालं का बे?" मी म्हणतो, बारीक काम आहे गुरुजी, वेळ लागतो. त्यांना वाटते मी फार काळजीने काम करतो.

भाऊबिजेला तुम्ही आपणहून आला असता तर ती पाने पाठवावीच लागली नसती. पहिले पत्र मी त्यासाठी लिहिले. म्हणजे मला सुटायचे होते. तुम्हाला बोलावण्यातही माझाच डाव होता.

आणि ती माय कुणाची, तेही लिहितो. माझी. धाडपासून तीन कोसावर आमचे गाव. १९८७ साल. मी तेव्हा बुलडाण्याच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचो. आठवीतून शाळा सुटली होती, पण खिळे उलटे वाचता येत होते आणि हात चालत होता. माय आजारी पडल्याचा निरोप मला मिळाला नाही. निरोप आणणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने तो पोचवलाच नाही. मी पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. हे कुणाला सांगितले नाही कधी. सांगायला जागा नव्हती. मग ते कोरे पान आले.

कारभारी

---

धाड
१७ डिसेंबर २०२३

सत्यभामाताई,

सोबत चौथी वही पाठवत आहे. रजिस्टर एडी केले आहे, म्हणजे तुमच्या सहीची पोचपावती मला येईल. वही कोरडी आहे. तिच्यावर पाण्याचा एक थेंब पडलेला नाही, हे तुम्हाला हात लावल्यावर कळेलच.

कृपा करून ती उलटी धरा आणि मागच्या बाजूने उघडा.

गुरुजी जुन्या शिस्तीचे. वही वाया जाऊ नये म्हणून पुढून एक विषय आणि मागून दुसरा. मास्तर लोक असे करतात, मला माहीत असायला हवे होते. मी पुढून वाचत गेलो, कोरी पाने लागली तिथे थांबलो आणि वही संपली असे समजून राजकुमारला दिली. त्यानेही पुढूनच टाइप केले. प्रकाशनानंतर आठव्या दिवशी वह्या परत द्यायला बांधत होतो. चौथी हातातून निसटून पडली ती मागच्या बाजूने उघडली. पेन्सिलीने लिहिलेले दीड पान.

तुम्ही वाचालच. पण पेन्सिल पुसट झाली आहे, म्हणून मी उतरवून देतो. एक अक्षरही इकडचे तिकडे केलेले नाही:

"सत्यभामेबद्दल लिहायचे आहे. कोठे घालावे ते सुचत नाही. माय नऊ वर्षे खाटेवर होती. मी चिखलीहून महिन्यातून एकदा जात असे. हातात केळी नेत असे. माय आल्यागेल्याला सांगे, माझा लेक आला. सत्यभामा रोजच होती, म्हणून तिचे असणे कोणाला दिसले नाही. मलाही नाही. एकदा ती म्हणाली, भाऊ, एक रात्र तू थांब, मले झोपायचं हाय. मी म्हटले, उद्या परीक्षा आहे. आणि शेवटच्या गाडीने गेलो. दुसऱ्या दिवशी परीक्षा नव्हती. माय गेली तेव्हा तिचे डोके सत्यभामेच्या मांडीवर होते. हे छापावे की नाही, आणि कोठे छापावे, कारभारीला विचारावे."

शेवटची ओळ मी किती वेळा वाचली सांगता येत नाही. अठ्ठेचाळीसाव्या पानात बसेल एवढाच मजकूर आहे. मी ओळी मोजून पाहिल्या.

हे सापडले त्या दिवशी मी वही घेऊन अमडापूरला गेलो असतो तर तुम्ही महिन्याभरात घरी परतला असता. पण वही दाखवायची म्हणजे ते पान कुठून आले हेही सांगावे लागणार. मी वही धान्याच्या कोठीमागे ठेवली.

परवा गुरुजींकडे गेलो. त्यांचे माफीचे पत्र परत नेले होते. ते ओसरीवर उन्हात बसले होते. मी उभाच राहिलो.

"झालं तपासून?" म्हणाले.

"गुरुजी, ते पान माह्यं हाय."

"कोनतं?"

"अठ्ठेचाळीस. मी लिवलं. तुमच्या वहीत नव्हतं. ती माय माह्यी व्हती."

त्यांचा उजवा हात मांडीवरून खाली घसरला. मला वाटले, पुन्हा झटका येतो की काय. मी पूनमला हाक मारणार होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "म्हंजे मी पागल नाही झालो ना बे?"

"नाही गुरुजी."

"दोन साल झाले. मी रोज सोताले इचारतो, उद्धव, अजून काय काय केलं असशीन तू जे तुले याद नाही." ते हसले आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. "संडासाले गेलो तरी मांगं वळून पाह्यतो, काही चुकलं त नाही म्हनून. आन् तू खुशाल माह्या हातचं पत्र घेऊन बसला घरी."

पूनम चहा घेऊन आली. त्यांनी मला तो प्यायला लावला. मग म्हणाले, "जाय आता. मी बलावल्याशिवाय येजो नको."

वहीची मागची बाजू मी त्यांना वाचून दाखवली नाही. ती आधी तुमच्याकडे जावी असे वाटले. ती तुमची आहे.

आता राहिलेले एक. मागच्या पत्रात लिहिले की निरोप मिळाला नाही. मिळाला होता. कंडक्टर छापखान्यात आला, माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "कारभारी, तुह्या मायनं बलावलं. आजच्या आज निंघ म्हनते." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होती. लग्नपत्रिकांचे दिवस. मालक म्हणाला, आत्ता गेलास तर येऊ नको. पण मालकाचे नाव मी कारण म्हणून घेत नाही. मी जाऊ शकत होतो. मला वाटले, माय नेहमीच बोलावते. मी म्हणालो, आखाजी झाली की येतो. त्या चार दिवसांत मी दुसऱ्यांच्या घरच्या पत्रिका जुळवल्या. प्रत्येकीत "आमच्या मातोश्रींच्या आशीर्वादाने" असे होते.

ती गेल्यावर भावकीने विचारले तेव्हा मी कंडक्टरवर ढकलले. धाडच्या आठवडी बाजारात चार लोकांसमोर मी त्याची कॉलर धरली. त्याने हळूच कॉलर सोडवली. माझ्याकडे फक्त पाहिले. त्याला वाटले असेल, मायबिगर झालेला माणूस आहे, ओरडू दे. त्याला जाऊनही आता दहा वर्षे झाली.

म्हणजे कंडक्टर, मग राजकुमार, मग गुरुजी. आणि त्या पानात मी "आमचे नाव नसायचे" असे लिहिले. "माझे" लिहायलाही हात धजावला नाही.

एवढे सगळे लिहिले म्हणून मला क्षमा करा, असे म्हणत नाही. वही नीट ठेवा.

कारभारी इंगळे

---

धाड
२४ जानेवारी २०२४

सत्यभामाताई,

पोचपावती आली, तिच्यावर तुमची सही होती. दुसरे काही नव्हते. मी ती चष्म्याच्या घरात ठेवली आहे.

संक्रांतीला पूनमचा फोन आला. "काका, आत्या आल्या. चार दिवस झाले. बाबा म्हनते, कारभारीले बलाव." मी स्वच्छ शर्ट घातला. चिखलीला गाडी बदलली. अमडापूरच्या स्टॉपवर उतरलो आणि वळणापर्यंत आलो. तिथून तुमची ओसरी दिसते. तुम्ही सुपात तीळ निवडत होता. गुरुजी शेजारी बसून काहीतरी मोठ्याने वाचत होते. वही उलटी धरलेली होती, म्हणजे मागची बाजू. वाचता वाचता अडले की तुम्हाला दाखवत होते, तुम्ही सुपावरून मान वर करून पाहत होता आणि सांगत होता. बोलणे ऐकू आले नाही. एकदा तुम्ही त्यांच्या हातावर चापट मारली.

मी वळणावरूनच परतलो. चिखलीच्या गाडीला दीड तास होता, तो स्टॉपवर बसून काढला. मला भीती वाटली, ताई. रागाची नाही. तुम्ही चहा विचाराल, याची.

काल पूनमने जीपवाल्याबरोबर पुडके पाठवले. आत गुरुजींच्या पुस्तकाची प्रत आणि पूनमची चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिले होते की मी वळणावर उभा होतो ते आत्याने पाहिले. बाबांना सांगितले नाही. पुढे लिहिले होते: "आत्या म्हणाल्या, त्यांना सांग, साखर चालत नाही तर तसं सांगावं लागते. आम्हाला कसं कळणार?"

मी चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या घरात, पोचपावतीजवळ ठेवली.

मग पुस्तक उघडले. ते आपोआप अठ्ठेचाळीसाव्या पानावर उघडते, एवढे ते पान दुमडले गेले आहे. मला वाटले, तुम्ही ते फाडले असेल, किंवा त्यावर काट मारली असेल. तसे काही नाही. ओसरीवर आम्ही काम करायचो तेव्हा तुम्ही येता-जाता पाहिले असणार, की शंका असली की मी समासात प्रश्नचिन्ह काढून त्याला गोल करतो आणि शेजारी लेखकाला प्रश्न लिहितो. तुम्ही तसेच केले आहे. पहिल्या ओळीतल्या "माय" या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. समासात गोल, गोलात प्रश्नचिन्ह. आणि तुमच्या अक्षरात:

"नाव काय होतं यांचं? कुठंच लिहिलं नाही."

माझा प्रश्न लेखकाला गेला की लेखकाने उत्तर द्यायचे असते, आणि ते येईपर्यंत प्रुफ पुढे जात नाही. म्हणून आधी हेच पत्र लिहायला घेतले.

नाव लिहिले नाही, कारण लिहिले असते तर ती तुमची माय आहे असे दाखवता आले नसते. पण त्याआधीही लिहिले नव्हते. हजारो पत्रिका जुळवल्या, श्राद्धाची कार्डे जुळवली, कुणाकुणाच्या आयांची नावे उलटी वाचून सुलटी केली. हिच्या तेराव्याचे कार्ड मी छापले नाही. मालक म्हणाला होता, फुकट छापून देतो. मी म्हणालो, कशाला, आमच्याकडे कोण वाचते. कार्डावर मृत्यूची तारीख येते आणि तारीख आली की लोक हिशेब करतात, निरोप कधी गेला होता. म्हणून नाही छापले.

छत्तीस वर्षांत तिचे नाव मला कुणी विचारले नव्हते. तुम्ही विचारले. तिच्या गावाला दिवसातून दोनदा एसटी थांबायची. ओसरीवरून ती जे विचारायची ते मी पानात लिहिले आहे. शेजारीण तिला काय उत्तर द्यायची तेही लिहिले आहे. ती शेजारीण मला मागून म्हणाली होती, "एक दिवस मी खोटंच सांगतलं, कारू उतरला म्हनून. तवा झोपली बापा ती." हे पानात नाही. हे आजवर कुठेच नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर समासात लिहून पुस्तक परत पाठवत आहे. भिंग धरून लिहिले, म्हणून अक्षर चांगले आलेले नाही. इथेही लिहितो, म्हणजे वाचता येईल.

गीताबाई.

कारभारी गीताबाई इंगळे